आवाजाचं बटण

मी एक जुना डॉपलर आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी मी मुठीत मावणारा डबा. वायरच्या टोकाला एक दांडी, ती गरोदर बाईच्या पोटावर टेकवली की आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. माझ्या कुशीला आवाजाचं गोल बटण आहे. बॅटरीचं झाकण केव्हाच हरवलं, तिथे आता चिकटपट्टी आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट प्रसूती विभागातल्या मोठ्या सिस्टरांच्या खिशात येऊन पडलो. सिस्टर प्रेमळ, आणि तितक्याच हेकट. ठोके सापडले की बटण पूर्ण फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ऐका, स्वारी पळत सुटलीय!" होणाऱ्या बापाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. माझं फार कौतुक होई आणि खरं सांगायचं तर मी जरा शेफारलोही होतो.

मग एक शिक्षिका आली. तिच्या बाळाची कवटी आणि मेंदू तयारच झाला नव्हता. जन्मलं तरी ते काही तासच जगलं असतं. गर्भ पुढे वाढवायचा नाही, असं तिने नवऱ्याशी बोलून ठरवलं होतं. सिस्टरांना ते पटलं नाही. त्यांनी न विचारताच मला तिच्या पोटावर टेकवलं आणि बटण पूर्ण फिरवलं. बाळाचं काळीज छान धडधडत होतं. मला काळजापुरतंच कळतं हो, मेंदूचं काही कळत नाही. शिक्षिकेने दोन्ही हातांनी कान झाकले.

"माझं ठरलंय," ती म्हणाली, "का छळता मला?"

तिने निर्णय बदलला नाही. तो आवाज मात्र ती बरोबर घेऊन गेली. सिस्टरांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

तेव्हापासून असा अहवाल घेऊन कुणी आली की सिस्टर माझा आवाज पार बंद करायच्या. माझ्या इवल्या पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा कागदावर उतरवून मोकळ्या व्हायच्या. त्यांना वाटे, आता आपण शहाण्या झालो. मलाही तसंच वाटे.

मागच्या वर्षी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी एक बाई आली. पाचवा महिना, अहवाल तोच. डॉक्टरांनी दोन्ही वाटा नीट समजावून विचाराला आठ दिवस दिले होते. बरोबर सासू आणि नवरा होते.

"आणखी चार महिने वाढवायचं आणि शेवटी हात रिकामेच? तुझे हाल मला बघवायचे नाहीत गं," असं म्हणत ती बिचारी डोळे पुसत होती. नवरा एवढंच म्हणाला, "तू म्हणशील ते."

सिस्टरांनी बटण बंद केलं. भिंगवालीचं बरोबर लक्ष गेलं.

"आवाज का येत नाही?"

"नको गं पोरी. ऐकलंस तर ठरवणं जड जाईल."

"जड आहेच की, सिस्टर. ऐकायचं की नाही, तेवढं तरी मला ठरवू द्या."

सिस्टर थबकल्या. मग त्यांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिचा अंगठा बटणावर टेकवला. काचेच्या कडा चाचपणारी ती बोटं. तिने बटण अगदी हळूहळू फिरवलं आणि ऐकत राहिली. सासूही डोळे पुसायची विसरली. पुरेसं झाल्यावर भिंगवालीने स्वतःच आवाज बंद केला.

सातव्या दिवशी येऊन म्हणाली, "होऊ दे त्याला. पुढे काय आहे ते समजूनच सांगतेय."

बाळ पन्नास मिनिटं जगलं. आधी सासूच्या मांडीवर, मग आईच्या कुशीत. आईने मला मागून घेतलं आणि दांडी त्याच्या छातीवर टेकवली. आवाज तिने बारीक ठेवला होता. ठोके विरळ होत गेले आणि थांबले. मला बंदही तिनेच केलं. इतक्या वर्षांत मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, बरोबर कोण, शिक्षिका की भिंगवाली? मित्रांनो, मी दोघींच्या पोटावर टेकलो आहे आणि मला सांगता येत नाही. शिक्षिकेची माफी मागायची मात्र राहून गेली.

आता सिस्टर निवृत्त झाल्या आणि मी खणात पडून असतो. नवी यंत्रं माझ्यापेक्षा सरस आहेत, त्याचं मला काही नाही. पण आवाजाचं बटण त्यांनाही आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर किंवा नर्स झालं, तर ते बटण आपल्या अंगठ्याखाली ठेवू नका. आधी तिला विचारा, आणि तिच्या हातात द्या.