पाळी

महाराजांच्या फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत बायकांची रांग असे. "पाळी आली का हो?" असं कुणी पुढचीला विचारलं, की सगळी रांग खुदुखुदु हसे. कारण साठी उलटलेल्या बायकांना पाळी परत येणं, हाच महाराजांच्या पुडीचा चमत्कार होता. ते म्हणत, "कॅन्सर हे म्हातारपणाचं पोर. म्हातारपणच पळालं तर पोर कुणाला होणार?"

आमची आई आणि थोरली बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. म्हणून डॉक्टरीणबाईंनी धाकटीला स्त्री-हार्मोनचा स्तनावरचा जोर अडवणारी गोळी दिली होती. हार्मोन म्हणजे विष, असं सांगून महाराजांनी ती बंद करवली. त्यांच्या पुडीत म्हणे नुसत्या मुळ्या.

दोन महिन्यांत, एकसष्टाव्या वर्षी, धाकटीला पाळी आली. शेजारणी तिला बघायला आल्या.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. सवयीने पुडी भिंगाखाली धरली, तर करड्या भुकटीत पांढरी कपची, आणि तिच्यावर अर्धं अक्षर. मुळीवर अक्षर उगवत नाही, एवढं मला कळत होतं. पण मी कोण सांगणारा? डोळेच चुकले असतील, म्हणून कपची पाकिटात घालून पुस्तकात ठेवली. तीन महिने.

शेवटी औषधाच्या दुकानातल्या बाईंना दाखवली. त्यांनी फळीवरची एक गोळी काढून अक्षराला अक्षर जुळवलं.

"काका, हे स्त्री-हार्मोनच आहे. कुटून रोज दिलं की रक्त जाणारच, त्यात चमत्कार कसला? पण तुमच्या बहिणीला नेमकं हेच द्यायचं नव्हतं."

म्हणजे डॉक्टरीणबाईंनी लावलेलं दार महाराजांनी काढून घेतलं होतं, आणि वर चोराला आवतण दिलं होतं.

मी धाकटीला सगळं सांगितलं.

"दादा, तुला हे कधी दिसलं?"

"तीन महिने झाले."

"कुठल्या पानावर ठेवलं होतंस?"



गोष्ट रांगेत पसरली, तसं महाराजांनी त्याच आठवड्यात बिऱ्हाड हलवलं. धाकटीच्या स्तनात गाठ निघाली. ती आधीची की पुडीची, हे कुणालाच सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दवाखान्याच्या बाकावर आम्ही बसलो होतो. नर्सने दारातून हाक मारली, "आजी, तुमची पाळी आली." कुणी हसलं नाही.

बायांनो, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तो चमत्कार नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पुडीत काय आहे ते विचारा, आणि सांगत नसतील तर घेऊ नका. आणि माझ्यासारख्या भिडस्तांनो, संशय आला की बोला. फार तर चुकाल, लोक हसतील. मला कुणीच हसलं नाही.