निंबाशेठच्या माडीवरची तीन कुलुपं

मी सांगतो त्यातलं निम्मं वजा करून ऐकायची आमच्या बुऱ्हाणपुरात पद्धत आहे. करा वजा. पण कुलुपं तीनच होती, त्यातलं एकही कमी करू नका, कारण कौतिकदादाचा जीव त्या तिसऱ्यात अडकला होता.

साल अठ्ठेचाळीस, वैशाख. निंबाशेठच्या जरीच्या कारखान्यात आम्ही नऊ माणसं होतो. चांदीच्या हातभर कांडीवर सोन्याचा वर्ख चढवायचा, तिला पासा म्हणतात. मग तो पासा पोलादी जंतरीच्या भोकांतून ओढत ओढत केसाहून बारीक तार काढायची. मी तार ओढायचो. एकदा ती इतकी बारीक निघाली की दोन दिवस कोणाला सापडलीच नाही, पण ते राहू द्या.

त्या उन्हाळ्यात शहरातले दोन कारखाने चोरांनी फोडले. वर रोज नवी आवई उठायची, आज म्हणे हैदराबादेकडून टोळी येते, उद्या म्हणे डोंगरातून. निंबाशेठची झोप उडाली. नेमका तेव्हाच दिगंबर हवालदार दारात उभा राहिला. माळव्यातल्या कुठल्याशा संस्थानात वीस वर्षं खजिन्यावर पहारा केलेला माणूस. संस्थान विलीन झालं, खजिना सरकारजमा झाला, आणि हवालदाराजवळ मिशा तेवढ्या उरल्या. त्या मात्र अशा, की दोन्ही टोकांवर एकेक लिंबू ठेवलं तरी घरंगळायचं नाही.

त्यानं पायऱ्या मोजल्या, भिंतींवर बोटं वाजवली आणि शेठला म्हणाला, "शेठ, तुमचा कारखाना नाही, धर्मशाळा आहे. चोर आला तर चहा पिऊन जाईल."

"मग काय करू?"

"बंदोबस्त. एकदम खजिन्यासारखा."

आठ दिवसांत त्यानं बंदोबस्त केला. माडीवरच्या वर्खाच्या खोलीला लोखंडी पट्ट्यांचं सागवानी दार बसवलं. तिची एकच खिडकी मागच्या खंदकावर उघडायची, खाली तीस हात सरळ उतार. तिथपर्यंत पोचेल अशी शिडी गावात नव्हती, तरी हवालदारानं खिडकी विटांनी बुजवली. दाराला तीन कुलुपं, नुसती दाबली की बंद होणारी. उघडायला मात्र तीन वेगळ्या किल्ल्या. एक शेठकडे, एक शेठच्या आत्याकडे, म्हणजे धुरपदाबाईंकडे, आणि एक स्वतः हवालदाराकडे. तिघं एका जागी आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

"आणि शेठ गावात नसतील," त्यानं आम्हाला बजावलं, "तर खोली बंद. बीच में कोई बात नहीं."

वर्ख चढवणं हे कौतिकदादाचं काम. साठीचा माणूस, बोटं मात्र बाळंतिणीसारखी मऊ. सोन्याचा वर्ख श्वासानंसुद्धा उडतो, म्हणून खोलीत वाऱ्याला बंदी. दादा गोणपाटाच्या पडद्याआड कंदील लावून बसायचा, शेजारी पासा तापवायला कोळशाची शेगडी. पाण्याचा तांब्याही आत नाही, एक थेंब उडाला तर वर्ख डागाळतो. आणि वर्ख हातात असेपर्यंत दादा बोलायचा नाही. हाक मारा, शिवी द्या, घराला आग लागली म्हणून सांगा. त्याच्या बापानं असंच केलं, आज्यानं असंच केलं.

त्या दिवशी सकाळी तिघांनी मिळून खोली उघडली, दादा आत बसला, आणि मग निंबाशेठ पुतण्यासाठी मुलगी बघायला दापोऱ्याला गेले. धुरपदाबाई राजघाटावर स्नानाला. हवालदार नियमाप्रमाणे खोली बंद करायला माडीवर चढला. उंबऱ्यावर उभा राहून त्यानं तीनदा विचारलं, "अंदर कौन?"

आत कौतिकदादाच्या चिमट्यात वर्ख होता. तो बोलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हवालदारानं आत डोकवायचं. पण पहारेकऱ्यानं खजिन्यात पाऊल टाकायचं नाही, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. एक आत जाईना, दुसरा बोलेना. तीन कुलुपं खट, खट, खट लागली.

दादानं खटके ऐकले. पण वर्ख अर्धा पाशावर, अर्धा हवेत. त्यानं आधी तो नीट बसवला, बोळ्यानं दाबला आणि मग उठून दार ठोठावलं. तोवर खाली आमची तार ओढायची चाकं सुरू झाली होती. त्या घरघरीत वरचं काय ऐकू येणार!

तासाभरानं दादाची बायको कोकिळाबाई भाकरी घेऊन आली.

"यांना खाली पाठवा. गार झालेली भाकर खात नाहीत ते."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्या शेजारी तार ओढणारा दगा म्हणाला, "दादा तर सकाळीच वर गेला."

हवालदार खाली कारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या मिशा मी पहिल्यांदाच खाली आलेल्या पाहिल्या.

आम्ही चाकं थांबवली. वरून आवाज येत होता. ठक. मग बऱ्याच वेळानं ठक.

दगा सायकल घेऊन दापोऱ्याकडे सुटला. जाऊन-येऊन दोन तासांची वाट. लोहार आणावा, तर हाताला येतील तेवढे सगळे नेपानगरला कागदाच्या गिरणीच्या बांधकामावर. आम्ही पहार घातली, तीच वाकली. हवालदारानं आपलं कुलूप उघडलं. धुरपदाबाई ओल्या लुगड्यानिशी धावत आल्या, त्यांनी आपलं उघडलं. तिसरं तसंच लटकत राहिलं. दार बोटभरही हललं नाही.

"दादा!" मी फटीला तोंड लावून ओरडलो. "शेगडी विझव!"

"राख टाकली." आवाज विहिरीतून आल्यासारखा. "पण डोकं जड झालं रे. डोळ्यांपुढं वर्खच वर्ख उडताहेत."

कोळशाला धूर नसतो. तो माणसाला हळूच झोपवतो. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

"खिडकीच्या विटा नव्या आहेत," हवालदार घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गारा अजून ओला असेल. जड काही मारलं तर निघतील."

"दादा, तुझ्याजवळ जड काय आहे?"

आत चाचपल्याचा आवाज. मग, "पासाच आहे."

"मग मार की!"

"पागल झाला काय? सात थर वर्ख चढलाय. शेठला विचारा."

"शेठ दापोऱ्याला आहेत!"

"मग येऊ द्या."

धुरपदाबाईंनी दारावर थाप मारली. त्यांचा आवाज ऐकून टांग्याचे घोडे उभे राहायचे. "कौतिक, मी सांगते! फोड ती भिंत!"

"आत्याबाई," आतून अदबीनं उत्तर आलं, "तुमच्याकडे किल्ली आहे. पासा शेठचा आहे."

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललोय, पण हे खरं सांगतो, मला त्या क्षणी त्या माणसाचा राग आला आणि रडूही आलं. त्याचा श्वास फटीतून ऐकू येत होता, मधे मधे थांबत होता.

कोकिळाबाई इतका वेळ भाकरीचं फडकं छातीशी धरून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. फडकं खाली ठेवलं.

"अहो," त्या दाराला म्हणाल्या, "तुम्ही पासा जपा. नीट जपा. मी इथंच बांगड्या फोडते, म्हणजे पुन्हा कोणाला त्रास नको."

आणि त्यांनी खरंच हात उंबऱ्यावर आपटला. एक बांगडी फुटली. काच पार हवालदाराच्या बुटापर्यंत उडाली. धुरपदाबाईंनी त्यांचा दुसरा हात धरला, तर तो त्यांनी हिसकून घेतला.

आत काही सरकल्याचा आवाज झाला. मग धप्प. पुन्हा धप्प. पाचव्यानंतर काहीच नाही. आम्ही कान दाराला लावले. कोकिळाबाई पुटपुटत होत्या, "मारा ना, मारा..."

सहावा धप्प आला. आणि मागं खंदकात वीट पडल्याचा आवाज.

मी जिना उतरून मागं धावलो. वर बघतो तर भिंतीत नारळाएवढं भोक, आणि त्यातून पाशाचं टोक बाहेर. दुपारच्या उन्हात ते असं लखलखलं की पलीकडं कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनी डोळ्यांवर हात धरले. जो पासा चोरांना दिसू नये म्हणून एवढा खटाटोप, तो अर्ध्या बुऱ्हाणपुरानं पाहिला. मग पासा आत गेला आणि तिथं एक नाक आलं. ते नाक नुसतं हवा पीत होतं. माझं ऐकाल तर त्या दिवशी शहरातली हवा थोडी कमी झाली.

हवालदार काठी घेऊन खंदकात उतरला आणि त्या नाकाखाली उभा राहिला. "कोई नजदीक नहीं आएगा!" तो ओरडत होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

निंबाशेठ दगाच्या सायकलच्या मागं बसून आले. फेटा वाटेत कुठंतरी राहिलेला. घाईत किल्ली कुलपात उलटीच घालू लागले. धुरपदाबाईंनी ती हिसकली आणि दार उघडलं.

कौतिकदादा भिंतीला टेकून बसला होता. ओठ जांभळे, मांडीवर पासा. पाशाचं एक टोक बकरीनं चावल्यासारखं झालेलं, वर्खाच्या चिंध्या लोंबत होत्या. दादानं हात जोडले.

"शेठ, तुम्हाला न विचारता..."

निंबाशेठनी पाशाकडे पाहिलं. दादाकडे पाहिलं. मग शेजारी बसले आणि म्हणाले, "मुलगी छान आहे. तुम्ही लग्नाला येणार होतात ना? मेला असतात तर कोणाला नेलं असतं मी?"

कोकिळाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडून नवऱ्याच्या तोंडाशी धरला. तो गार आहे म्हणून कुरकुरला. तेव्हा कुठं आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी हवालदार गाठोडं बांधून शेठसमोर उभा राहिला. "चुकलो. जातो."

शेठ काही बोलायच्या आत कौतिकदादा म्हणाला, "जायचं कुठं? बंदोबस्त चांगला आहे, एवढंच की याला आत बसवा. माझ्याजवळ. मी वर्ख लावीन तोवर यानं बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही."

"खजिन्यात पाऊल..." हवालदारानं सुरुवात केली.

"बूट काढून ये," दादा म्हणाला.

पुढं अकरा वर्षं दिगंबर हवालदार त्या पडद्याआड बसला. दिवसभर श्वास रोखून. संध्याकाळी बाहेर आला की इतकं बोलायचा, इतकं बोलायचा, की मला एक शब्द बोलायला जागा मिळायची नाही.