बारा मोऱ्यांची ओळ

संतराम मापाऱ्याला एक वाईट खोड होती. डोळ्यांसमोर काही चाललंय आणि ते आपल्याला उमगत नाही, असं झालं की त्याला भाकर गोड लागत नसे. हट्ट्याच्या खळ्यांवर आणि जवळ्याच्या बाजारात ज्वारी मापण्यात त्याची हयात गेली, पण नजर कायम दुसऱ्याच्या कामात. त्यामुळं लेक मंजुषा पंधरा दिवस एका हिरव्या पट्टीवरच्या काळ्या चिपशी झटत होती, तेव्हा तोही तिच्याइतकाच बेजार होता.

मंजुषा परभणीला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. कालव्याच्या बारा मोऱ्यांचं पाणी मोजून कॉम्प्युटरला कळवणारी पेटी तिनं बनवली होती. सोमवारी बाहेरचे परीक्षक यायचे होते. पेटी चालली नाही तर आख्खं वर्ष वाया, आणि पेटी काही केल्या चालत नव्हती.

बाजार उरकून संतराम जवळ्याच्या कॉम्प्युटर क्लासात शिरला. क्लास विश्वंभरचा, तो भला माणूस, सुटीत पोरीला फुकट बसू द्यायचा. लेक पडद्याकडं बघत बसली होती. डोळे लाल झालेले. संतरामनं आधी विचारलं ते हेच की नेमकं अडलंय कुठं.

मंजुषानं वैतागून सांगितलं. पेटीनं एकच ओळ धाडायची. आधी कंस उघडायचा, मग मोरीचा नंबर, पाण्याची उंची, मग पुढची मोरी, अशा बारा. शेवटी सगळ्या उंचींची बेरीज आणि मग कंस बंद. बेरीज जुळली आणि कंस बंद झाला तरच कॉम्प्युटर ओळ घेणार, नाहीतर फेकून देणार. ओळ सहाव्या मोरीपर्यंत नीट यायची, पुढं नुसता कचरा. चिपच्या पोटात जागाच मुळी एकशे अठ्ठावीस अक्षरांची. त्यातली निम्मी दुसऱ्या कामाला जायची. आणि ओळ दीडशे अक्षरांची.

"मंग भरून ठिवतीस काहून?" संतराम म्हणाला.

सगळी ओळ हाताशी असल्याबिगर बेरीज कशी होणार, असं ती म्हणाली.

"म्या दिवसाला पाचशे पायल्या टाकतो. त्या काय डोक्यात ठिवतो व्हय? पायली पोत्यात पडली की गेली. तोंडात फकस्त आकडा ऱ्हातो."

खरंच होतं ते. पुढची पायली पडेस्तोवर मापारी तोच आकडा मोठ्यानं चालीत घोळवत राहतो, बाकी सगळं विसरतो. मंजुषा लहानपणी खळ्यावर त्याच आवाजात झोपी जायची. पुढं मैत्रिणींसमोर त्याच आवाजाची तिला लाजही वाटली होती. आता ती खुर्चीवरून अर्धी उठली. एक मोरी मोजायची, लिहायची, लगेच धाडायची आणि विसरून जायची. जवळ ठेवायची ती फक्त चालती बेरीज.

तिनं सगळं नव्यानं लिहिलं, चिप पुसून परत भरली. मोजून बघताना ती पुटपुटली, एक, दोन. संतराम ताडकन म्हणाला, "एक न्हाई. लाभ."

मापारी कधी एक म्हणत नाही; पहिली पायली लाभाची. मंजुषा हसली आणि तिनं पेटीत अन् कॉम्प्युटरात, दोन्हीकडं पहिल्या मोरीच्या नंबराच्या जागी इंग्रजी अक्षरांत 'लाभ' घातलं. विश्वंभर म्हणाला, परीक्षक मार्क कापतील. कापू देत, असं ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. बारा मोऱ्या आल्या, बेरीज जुळली, कंस बंद झाला. संतरामला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं पहिला शब्द लेकीकडून दोनदा वाचून घेतला.

सोमवारी तो दुपारपासूनच हट्ट्याच्या फाट्यावर उभा. दिवस कलताना मंजुषा बसमधून उतरली. परीक्षक फार कडक होते म्हणाली. ओळ तपासून त्यांनी पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा काय चावटपणा आहे? तिनं सांगितलं की माझे वडील मापारी आहेत, आमच्याकडं मोजणी अशी सुरू होते.

"मंग?"

"मग त्यांनी चष्मा काढला, आबा. लाभ, दोन, तीन करत ओळीवरून बोट फिरवलं, अगदी तुमच्या चालीत. आणि सही केली."

संतरामनं लेकीच्या हातातली पेटी घेतली आणि थोडं चालून गेल्यावर विचारलं, "बारा बराबर भरल्या का?"

भरल्या, असं ती म्हणाली.