बिनआवाजाचा पंखा

बोलकीचा धंदाच आवाजाचा होता. पुस्तकं वाचून ती रेकॉर्ड करायची आणि प्रकाशकाकडे पाठवायची, लोक ती कानांनी वाचायचे. शाळेत तोंड मिटत नाही म्हणून चिकटलेलं टोपणनाव असं पोटापाण्याला लागलं होतं. नवऱ्याचा धंदा चित्रांचा. अजून पायासुद्धा न खणलेल्या इमारती तो कॉम्प्युटरवर उभ्या करून दाखवायचा, अगदी खिडकीच्या काचेवरच्या उन्हासकट. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत संसार, दुसरीत दोघांचे धंदे, पाठीला पाठ लावून.

नवराबायकोचं छान जमायचं. बोलकीचं वाकडं होतं ते कॉम्प्युटरच्या पोटातल्या ग्राफिक्स कार्डाशी. मोठं चित्र तयार करायला घेतलं की कार्ड तापायचं, आणि तापलं की त्याच्यावरचे दोन चिमुकले पंखे असे घोंघावायचे, की जणू कोणी कानाशी उभं राहून केस वाळवतंय. मग बोलकी माईकसकट रजईत शिरायची आणि घामाघूम होऊन वाचायची. एकदा प्रकाशकाचा फोन आला, "बाई, वाचलंय झकास. पण राजा शेवटचे श्वास घेतोय आणि मागे पिठाची गिरणी का चाललीय?"

त्या दिवशी नवऱ्याने मनावर घेतलं. कार्डावरचा मूळ कूलर, म्हणजे पंख्यांसकटचा सगळा सांगाडा, काढून त्या जागी दुसरा, मोठा आणि शांत कूलर बसवता येतो, हे त्याला ठाऊक होतं. कुठला बसवायचा, तेवढंच ठरत नव्हतं. तो इंटरनेटवर लोकांची मतं वाचत बसला. एक म्हणे, चालू आहे की बंद तेच कळत नाही. दुसरा त्याच कूलरबद्दल म्हणे, कानाला दडे बसले. जेवतानाही कूलरमधल्या तांब्याच्या नळ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा बोलकीने भाजीचं भांडं पुढे सरकवत विचारलं, "अरे, आवाज कधी वाचून कळतो का? मी जन्मभर वाचतेय, मला विचार. दुकानात जाऊ आणि ऐकू."

दुकानदारीण चांगली दणदणीत आवाजाची बाई होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मागणी ऐकून तिने कपाळावर हात मारला. "शांतता ऐकायचीय? या रस्त्यावर? अहो, इथे माझा आवाज मला ऐकू येत नाही!" पण आव्हान दिलं की तिला राहवत नसावं. तिने काचेचं दार लावलं, एसी बंद केला, मांडून ठेवलेले सगळे कॉम्प्युटर एकामागून एक झोपवले आणि गिऱ्हाइकांकडे वळली. गिऱ्हाइकं म्हणजे प्रिंटर घ्यायला आलेले एक आजीआजोबा आणि वायर घ्यायला आलेला एक जाडजूड गृहस्थ. "मंडळी," ती म्हणाली, "दोन मिनिटं श्वास जरा जपून घ्या."

बोलकी पाठ करून उभी राहिली. दुकानदारिणीने पहिला कूलर वायरीला जोडला.

"आवाज बारीक आहे," बोलकी म्हणाली, "पण आत कुठेतरी कीं वाजतंय. खोलीत डास शिरल्यासारखं. रात्रंदिवस हे ऐकून माणूस वेडा होईल."

दुसरा लागला. "हा अडखळतो. मधेच टक् करतो."

"मला तर दुसरा चांगला वाटला," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला उजव्या कानाने ऐकू येत नाही," आजी म्हणाल्या, "तुम्ही मत देऊ नका."

हसू दाबता दाबता जाडजूड गृहस्थाला शिंक आली. सगळ्यांनी त्याच्यावर डोळे वटारले. मग पुन्हा सामसूम. बोलकी वाट पाहत राहिली.

"लावा ना तिसरा," ती म्हणाली.

"लावलाय की केव्हाचा!"

नवरा लगेच पुढे झाला. "असं नाही. पूर्ण वेगाने फिरवा. माझं कार्ड चांगलंच तापतं." दुकानदारिणीने वेग वाढवला. आता आवाज आला, पण कसा, तर पलीकडच्या खोलीत कोणी चादर हलकेच पसरावी तसा. एकसारखा, मऊ. बोलकीने मागे वळून पाहिलं. कूलर विटेएवढा जाड, दोन रुंद पंख्यांचा, दिसायला अगदीच ओबडधोबड होता.

"हाच," ती म्हणाली, आणि जाडजूड गृहस्थाने चक्क टाळ्या वाजवल्या.

कूलर बसवायला नणंद आली. ती दातांची डॉक्टर. भावाने स्क्रू काढायला पेचकस उचलला आणि तीनदा खाली ठेवला. ज्या कार्डावर रोजची भाकरी तेच उघडायला धीर होत नव्हता. "दादा, सरक," ती म्हणाली, आणि डोक्याला दिवा बांधून कॉम्प्युटरसमोर बसली. "हं, आ करा. मोठा आ."

जुना कूलर निघाला. खालच्या चिपवर उष्णता वाहून नेणारा लेप असतो, तो वाळून खपली झाला होता. "वहिनी, बघ गं, किती वर्षं ब्रश केलेला नाही," नणंद म्हणाली आणि कापसाने तो पुसून काढला. नवा लेप वाटाण्याएवढा लावला, कूलर ठेवला, स्क्रू चारी कोपऱ्यांना थोडे थोडे आवळले. सगळं कसं सुरळीत. पण कार्ड पुन्हा कॉम्प्युटरच्या पेटीत बसवायला गेले, तर कूलरचं नाक आडव्या चौकटीला धडकलं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "माप घेतलं होतं गं मी! ही चौकटच विसरलो."

"आहे कशाची ती?"

"जादा डिस्क ठेवायची. रिकामीच आहे."

"मग अक्कलदाढ आहे ती," नणंद म्हणाली. "उपयोग काही नाही, जागा मात्र अडवते. काढून टाकू." आणि तिने काढलीसुद्धा.

बटण दाबलं. काहीच नाही. पडदा काळा. नवऱ्याने ते पुन्हा पुन्हा दाबलं. बोलकीने टेबलामागे डोकावून पाहिलं आणि खो खो हसत सुटली. भिंतीवरचं बटणच कोणी सुरू केलं नव्हतं.

मग मात्र कॉम्प्युटर झोपेतून उठला. नवऱ्याने त्याला सगळ्यात अवघड चित्र करायला दिलं, नुसत्या काचांचा मनोरा. कार्ड कामाला लागलं, पंखे फिरले, आणि खोलीत नणंदेच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. तिघांनी आनंदाने आरडाओरडा करून ती शांतता पार धुळीला मिळवली.

दुसऱ्या दिवशी बोलकी रजईबाहेर, मोकळ्या हवेत वाचायला बसली. तिच्या पाठीमागे नवरा मनोऱ्यात गुंतलेला. वाचून झाल्यावर तिने रेकॉर्डिंग लावलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिच्या आवाजाखाली काहीतरी वाजत होतं. पंखा? पण पंख्याला चाल नसते!

"तू गुणगुणतोस?" तिने विचारलं.

"मी? छे!"

तिने हेडफोन त्याच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला आणि त्याचे कान लाल होत गेले. इतकी वर्षं पंख्यांच्या गोंगाटाखाली तो काम करताना गात होता, आणि हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. आवाज खालचा, गोड. दुसऱ्या ओळीत जरासा घसरणारा.

बोलकी पुस्तकाचं पान पुन्हा उघडून बसली. तिथे एक नावाडी गुणगुणत होडी हाकत होता, आणि तिने ते वाक्य कोरडं ठणठणीत वाचलं होतं. तिने माईक हळूच त्याच्याकडे वळवला. लगेच गाणं विसरून तो माईककडेच बघत बसला.

"माईककडे बघू नकोस. मनोरा बांध तुझा."

तो बांधायला लागला. थोड्या वेळाने नावाडी आपोआप गुणगुणत आला.

प्रकाशकाचा फोन आला तेव्हा बोलकीने तो मुद्दाम स्पीकरवर टाकला. "बाई, हा नावाडी कुठून पैदा केलात? अंगावर काटा आला!"

"घरचाच आहे," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर माउस इकडे तिकडे फिरवत नवऱ्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुढच्या पुस्तकात गातं का गं कोणी?"

बोलकीने पानं चाळली. "नाही रे. एक बेडूक आहे फक्त."

"चालेल," तो म्हणाला आणि घसा खाकरू लागला.