पट्टी काढा

माझ्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणतात. मीही म्हणते. जन्मभर त्याने शाळेत भूमिती शिकवली. वर्गात शिरला की नमस्कार नाही, हजेरी नाही, पहिलं वाक्य एकच, "पट्टी काढा." की दप्तरं उघडायची आणि पट्ट्या बाकांवर यायच्या. ज्याची यायची नाही त्याला मास्तर स्वतःची लाकडी पट्टी दाखवायचा, तीही तळहातावर. आणि कुणी त्रिकोणाला चार कोन काढून दिले, की म्हणायचा, "वा. बापाचं नाव काढलंस." घरातही हीच भाषा. त्या घरातलं मांजरसुद्धा "पट्टी काढा" म्हटलं की पलंगाखाली जायचं.

अशा माणसाचा मुलगा बोलण्याचा धंदा करतो. मोठमोठ्या कंपन्या त्याला बोलावतात आणि तो तिथल्या मोठ्या माणसांना एकमेकांशी स्पष्ट कसं बोलावं ते शिकवतो. पडद्यावर बाण सोडतो, गोल करतो, टाळ्या घेतो. मी त्याला वक्ता म्हणते. तोंडावर म्हणते, आणि त्याला ते कौतुक वाटतं.

मास्तरला विसरण्याचा आजार झाला. आधी चष्मा विसरला, मग घराकडे यायचा रस्ता, मग बायको वारल्याचं. ते शेवटचं तर रोज नव्याने सांगावं लागायचं, म्हणून मी सांगणंच सोडून दिलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या पोटाला मानवल्या नाहीत. मग औषधाची पट्टी आली. अंगाला चिकटवायची, नाण्यापेक्षा थोडी मोठी, कातडीच्या रंगाची. औषध त्यातून दिवसभर हळूहळू अंगात जातं. रोज एक, आणि रोज वेगळ्या जागी. वक्ता ती स्वतः लावायचा आणि मास्तरचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे आजार होताच, पण मला ओळखायचा, चहा थंड असला तर कुरकुरायचा, आणि भिंतीवरची चित्रं वाकडी आहेत म्हणून सुनेला बोलायचा.

मग वक्ता दोन आठवडे दौऱ्यावर गेला. पट्टीचं काम सूनबाईकडे आलं. सूनबाई हुशार आहे आणि काटेकोर आहे. सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळते. न सांगितलेलं तिच्या हातून कधीच होत नाही.

तो गेला आणि मास्तर ढासळायला लागला. जेवण जाईना, गेलं तर राहीना. चक्कर यायला लागली, हात थरथरायला लागले, दिवसाही झोप. एकदा न्हाणीघराच्या दारात पडला. सुनेने दौऱ्यावर फोन केला, तर वक्ता म्हणाला, मी आलो की बघू. आला, बघितलं, पट्टीचं काम सुनेकडेच राहू दिलं, आणि गंभीर चेहरा करून सांगितलं, "आजार पुढच्या टप्प्यात गेलाय." त्याने कुठेतरी वाचलं होतं. डॉक्टरला फोन करून विचारावं, असं मात्र कुठे वाचलं नसावं. डॉक्टरची भेट पुढच्या आठवड्यात होती. त्याआधी त्याने दुसरीच भेट उरकली होती. अशा पेशंटना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था आहे, बाग आहे, मोठ्या खिडक्या आहेत, आणि एक खोली रिकामी झाली होती. ती कशी रिकामी झाली असेल ते मी विचारलं नाही.

"शनिवारी न्यायचं ठरलंय. आत्या, तू फक्त बाबांची समजूत काढ," तो मला फोनवर म्हणाला. म्हणजे निर्णय त्यांचा आणि रडणं मी झेलायचं.

गेले. मास्तरच्या खोलीत पलंगावर बॅग अर्धी भरून ठेवलेली. टेबलावर त्याची लाकडी पट्टी, ती मात्र बॅगेत नव्हती. मास्तर खुर्चीत कलंडून बसला होता, पिवळा आणि एवढासा. मला बघून म्हणाला, "ताई, हे मला कुठं पाठवतायत?"

मी ती बॅग पलंगावरून खाली उतरवली.

"मी काही केलं का?" त्याने विचारलं. "केलं असेल तर सांग. मी नाही करणार परत."

हजारो पोरांना हे वाक्य म्हणायला लावणारा माणूस आता ते मला म्हणत होता. तेवढ्यात त्याला उलटी झाली, सगळी सदऱ्यावर. वक्ता दारात उभा राहून म्हणाला, "बघितलंस ना आत्या? हेच म्हणतोय मी. घरी शक्य नाही."

"तू म्हणणं थांबव आणि धुतलेला सदरा आण," मी म्हटलं.

मास्तर सुनेसमोर सदरा काढत नाही, पट्टीसाठी पाठीमागून वर करू देतो तेवढाच, आणि मुलासमोरही संकोचतो. ताईचं काय, तिने त्याला लहानपणी विहिरीतल्या गार पाण्याने खरवडलंय. मी बटणं सोडली, सदरा उतरवला आणि पाठ पुसायला त्याला पुढे वाकवलं.

पाठीवर पट्ट्या होत्या. एक नव्हे, सात. दोन सरळ ओळींत, मधलं अंतर सारखं, अगदी मोजून लावल्यासारखं. एका भूमितीच्या मास्तरच्या पाठीवर एवढी नेटकी आकृती मी आजवर पाहिली नव्हती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सूनबाई आत आली. "पट्ट्या आहेत, औषधाच्या."

"सात?"

"जास्त होत्या. काही अंघोळीत पडल्या," ती म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं. "रोज एक लावली. एकदाही चुकले नाही. जागाही रोज बदलली."

"आणि जुनी?"

"जुनीचं काय?"

वक्ता धुतलेला सदरा घेऊन दारातच थांबला. "मी तुला सांगितलं होतं," तो बायकोला म्हणाला. "अगदी स्पष्ट सांगितलं होतं. रोज सकाळी पट्टी काढायची आणि लावायची."

"मग तेच केलं. रोज सकाळी पाकिटातून पट्टी काढली आणि लावली."

"पाकिटातून नाही, अंगावरून. अंगावरून काढायची."

"तसं म्हणाला नाहीत तुम्ही. पट्टी काढायची म्हणालात. बाबा पट्टी काढा म्हणायचे तेव्हा पोरं काय अंगावरून काढायची?"

दोघंही खरं बोलत होते, हेच तर. मला नंतर ते वाक्य दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, शब्दाला शब्द जुळत होता. लोकांना स्पष्ट बोलायला शिकवणाऱ्या माणसाने एका बुटात पाय घालता घालता बापाचं औषध चार शब्दांत उरकलं होतं. आणि अक्षर न् अक्षर पाळणाऱ्या बाईने रोज पाठीवरच्या जुन्या पट्ट्या डोळ्यांनी बघून, त्यांच्याशेजारी नवी नीट रेषेत बसवली होती. तिला वाटलं, जुन्यांतलं औषध संपलेलं असणार, आपोआप गळतील. विचारायचं कुणाला सुचलं नाही. पाकिटात घडी घातलेला कागद होता, तो तर कुणी उलगडलाच नव्हता.

"भांडण नंतर काढा," मी म्हटलं. "आधी डॉक्टरला फोन लाव."

डॉक्टरचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "सगळ्या काढा. आत्ता. नवीन एकही नाही. पाठ साबणाने धुवा, तुमचे हात धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका. आणि त्यांना ताबडतोब दवाखान्यात आणा."

"काढा म्हणजे सोलून काढायच्या, बरोबर ना?" वक्त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला.

दवाखान्यात कळलं, मास्तरची नाडी फार मंद झाली होती. आणखी चार दिवस असेच गेले असते तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. त्यांनी दोघांना समोर उभं करून समजावलं. दिवसभरानंतरही पट्टीत औषध उरतं. म्हणून आधी जुनी सोलायची, आतून दुमडून कचऱ्यात टाकायची, अंग नीट तपासायचं आणि मगच नवीन. अंगावर एका वेळी एकच. उलट्या, चक्कर, झोप असं काही दिसलं की त्याच दिवशी फोन, आजाराच्या नावावर खपवायचं नाही. आता डॉक्टर सांगेपर्यंत बंद, मग कमी ताकदीपासून पुन्हा सुरुवात. वक्ता मान हलवत होता. नेहमी दुसरे त्याच्यापुढे अशी हलवतात.

मास्तर सावरला. दोन दिवसांनी थोडं जेवला. मग नर्सने सलाईनची चिकटपट्टी वाकडी लावली म्हणून तिला बोलला. मी तिची माफी मागितली, पण मनातून इतकी खूश होते की सांगता सोय नाही. बायको कुठे गेली, हेही त्याने विचारलं. आजार जागेवरच होता. फक्त त्याच्यावर आम्ही रचलेला ढीग उतरला होता.

आणि तरी वक्ता मला बाहेरच्या बाकावर म्हणतो, "आत्या, खोली मिळालीच आहे तर धरून ठेवू या का? शेवटी आजार तर वाढणारच."

"आजार त्याचा होता," मी म्हटलं. "उलट्या तुमच्या होत्या. जे तुम्ही केलंत त्यासाठी त्याला घराबाहेर काढताय. वाढेल तेव्हा बघू, आणि तेव्हा आधी त्याची पाठ बघू. फोन लाव. आत जाऊन लाव, त्याच्यासमोर."

त्याने खिशातून फोन काढला. मग उठला. मास्तर डोळे मिटून पडला होता. वक्त्याने पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून संस्थेला फोन लावला.

"शनिवारची खोली आम्हाला नको," तो म्हणाला. "बाबांचं नाव काढा." पलीकडच्याला कळलं नसावं. "काढा म्हणजे खोडा. हो. माझ्या वडिलांचं नाव काढून टाका."

मास्तरने डोळे उघडले नाहीत. पण आवाज अगदी वर्गातला होता.

"काढलंस," तो म्हणाला. "बापाचं नाव काढलंस."

त्याला सगळं कळलं होतं, की नुसती जुनी सवय बोलली, ते मला सांगता येणार नाही. वक्ता फोन कानाला धरून तसाच उभा राहिला.