रिकाम्या फोल्डरपासून

जुळी झाली तेव्हा माझ्या वहिनीने सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडली. मुलं शाळेत रुळल्यावर ती आमच्या वर्कशॉपमध्ये आली, तीही ‘चार दिवस हातभार लावायला’ म्हणून. पुढे तिने जे केलं ते सांगताना मी थोडी मिरवणार आहे, तेवढं चालवून घ्या.

आमचं वर्कशॉप म्हणजे एका छापखान्यावरच्या तीन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर आमची टेबलं थरथरतात. तिथे आम्ही दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी उबदार पाळणे बनवतो. वर हीटर, बाळाच्या पोटाला चिकटवायचा सेन्सर आणि बाजूला एक छोटा स्क्रीन. आतला सर्किट बोर्ड माझा. त्याच्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स, मात्र चिप विकणाऱ्यांनी दिलेली, आयती.

पहिला पाळणा आम्ही एका हॉस्पिटलच्या नवजात विभागात ठेवला, आणि आठवड्यातच तिथल्या मुख्य सिस्टरनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं.

“लाइट जाऊन आली की तुमचा स्क्रीन आपला काळाच,” त्या म्हणाल्या. “तो जागा होईपर्यंत मी बाळाला छातीशी धरून उभी. मग पाळण्याचा उपयोग काय?”

“बघतो आम्ही, सिस्टर,” मी म्हटलं.

“बघू नका, करा. नाहीतर घेऊन जा.”

परत आल्यावर वहिनीने पर्स टेबलावर टाकली आणि बोर्डावरच्या फायली उघडून बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज चढला.

“अगं, हे बघ काय काय भरलंय यात! प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर. गाणी वाजवायचं. बाळ काय प्रिंट काढणार आहे? हे सगळं उठून आंघोळी करून तयार होतं, तेव्हा कुठे आपल्या प्रोग्रामचा नंबर लागतो.”

“मग नको ते काढून टाक.”

“काढत बसले तर काय कशाला धरून आहे तेच कळणार नाही. मी नवी रूट फाइलसिस्टिम करते. रिकाम्या फोल्डरपासून.”

मी सोल्डरिंगवाली बाई. तिने मला समजावलं ते असं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा झाला की आधी एक फोल्डर शोधतो. पहिला प्रोग्राम कुठला, तो कुठे आहे, त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडच्या फायली, कुठे आहेत, सगळं त्या फोल्डरात मिळायला हवं. तेच रूट. आणि बोर्डाची चिप इवलीशी, म्हणून प्रोग्राम तयार करायचे तिच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, पण ते चालणार फक्त बोर्डाच्या चिपवर.

“इथे शिजवायचं, तिथे वाढायचं,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

एकेक फोल्डर तयार होऊ लागला. मी मागे उभी राहून वाचत होते.

“बिन? हे कसलं नाव? बिनकामाचं?”

“उलट. कामाचं सगळं त्यातच जातं. वन्सं, तुम्ही तुमचा बोर्ड बघा!”

एरवी आमचं अगं-तुगं. ती चिडली की मी ‘वन्सं’ होते, मग तिथून हलण्यातच शहाणपण.

प्रत्येक प्रोग्रामला कुठली लायब्ररी लागते ते बघून ती तेवढीच आत घ्यायची. एखादी फाइल का घेतली याचं उत्तर नसेल तर ती बाहेर. बोर्ड केबलने तिच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि तिथल्याच फोल्डरमधून सुरू व्हायचा, त्यामुळे एक फाइल बदलली की लगेच ताडून बघता यायचं.

पहिल्यांदा बोर्ड चालू केला. कर्नल उठला, भराभर ओळी उमटल्या आणि सगळं ठप्प. पहिला प्रोग्राम सापडत नाही, असा संदेश.

“पण तो आहे ना तिथे!” मी म्हणाले.

“आहे. हा बघ. समोर दिसतोय.”

पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला माझ्याच बोर्डाचा संशय आला. भिंग घेऊन मी सोल्डरचा एकेक टाका तपासायला बसले. वहिनी केस वर बांधून नुसती स्क्रीनकडे बघत होती. खाली छापखाना बंद झाला तेव्हा ती एकदम म्हणाली, “भिंग ठेव. बोर्ड चांगला आहे.”

“कशावरून?”

“प्रोग्राम सापडतोय. त्याला सुरू करून देणारी जी फाइल लागते, ती सापडत नाहीये. कर्नल संदेश मात्र दोन्हीला एकच देतो.” तिने लायब्ररीचा फोल्डर उघडला. “ही बघ. ही खरी फाइलच नाही, नुसती लिंक आहे. तिच्यात पत्ता आहे माझ्या कॉम्प्युटरवरचा. मी इथून बघते तेव्हा बरोबर उघडते. बोर्डाला तो पत्ता कुठून मिळणार?”

तिने लिंक पुसली, बोर्डाच्या चिपसाठी केलेली खरी फाइल तिथे ठेवली आणि मला म्हणाली, “दाब तूच बटण.”

मी दाबलं. ओळी उमटल्या, आणि त्या थांबायच्या आत स्क्रीनवर तापमानाचा आकडा आला. मी तोंडाला हात लावला. वहिनीने मोठ्याने हसून मला अशी मिठी मारली की भिंग खाली पडलं.

पण ती तिथे थांबली नाही. लिहीत असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते, म्हणून तिने अख्खी फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवली. ठरवलेलं तापमान तेवढं एका वेगळ्या कप्प्यात जायचं, तेही नवीन पूर्ण लिहून झाल्याशिवाय जुनं पुसायचं नाही. मग ती सगळी बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीत उतरवली, केबल काढली आणि आम्ही दोघी कितीतरी दिवस येता-जाता त्याचा प्लग उपटत होतो.

हॉस्पिटलमध्ये पाळणा पुन्हा मांडला. सिस्टरनी तापमान ठरवलं, आणि आम्ही काही सांगायच्या आत स्वतःच भिंतीतला प्लग ओढला. परत लावला. त्या मागे वळून स्क्रीनकडे बघेपर्यंत आकडा हजर! हीटरही तापू लागलेला. त्यांनी पुन्हा ओढला. या वेळी लावला, आणि तो जागा होत असतानाच परत ओढला. मी एक पाऊल पुढे सरकले. वहिनी मात्र हाताची घडी घालून शांत उभी.

प्लग लागला. आकडा आला. त्यांनी ठरवलेलं तापमान जसंच्या तसं.

“हे कोणी केलं?” सिस्टरनी मलाच विचारलं. मी तोंड उघडलं, पण मी बोलायच्या आत शेजारून आवाज आला.

“मी,” वहिनी म्हणाली. “अगदी सुरुवातीपासून.”

सिस्टरनी तिच्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, “दोन नंबरच्या बाळाला इकडे आणा.”

बाळ आलं. माझ्या तळहाताएवढं, डोक्यावर विणलेली टोपी. सिस्टरनी सेन्सर चिकटवला. आकडा हळूहळू वर चढून ठरल्या जागी स्थिरावला आणि बाळाने मूठ उघडून परत मिटली. वहिनी वाकून बघत होती. खिशात तिचा फोन वाजत होता, दादाचाच असणार, पण तिला तो ऐकूच येत नव्हता. शेवटी मीच काढून घेतला आणि बाहेर जाऊन दादाला सांगितलं, “तुझी बायको कामात आहे. नंतर कर.”