चुकचीचं तेल

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मस्कतच्या गाला भागातल्या चर्चमधला मिस्सा आटोपून घरी आल्या आल्या मेरिलने जेवणाच्या टेबलावर चार्ट पेपर पसरला. शाळेचा प्रोजेक्ट होता, आर्क्टिक समुद्रातल्या तेलाचा इतिहास. दहा वर्षांची पोर इंग्रजीत झरझर लिहीत होती. आधी समुद्रात खडी ओतून बेटं केली, त्यांवर विहिरी खणल्या. मग बर्फाशी झुंजणारी जहाजं आली.

"पप्पा, तू तिकडे होता ना? टीचर बोलली, कोणालातरी इंटरव्ह्यू कर."

फिलिप मस्कतच्या एका हॉटेलात शेफ होता. अलास्काच्या वरच्या त्या चुकची समुद्राचा विषय निघाला की तो काहीतरी काम काढून उठायचा. आज बसला.

"दोन हजार पंधराचा उन्हाळा. बर्फ हटतो जेमतेम तीन महिने, तेवढ्यात विहीर खणायची. मी रिगवर कुक होतो. ऑगस्टमध्ये वसईहून फोन आला, मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. रजा मिळाली, पण धुकं असं, की चार दिवस हेलिकॉप्टर उडालंच नाही. पाचव्या दिवशी मम्मी फोनवर म्हणाली, पोर दूध प्यायला लागली, आता काम संपवूनच ये. मी राहिलो."

"मग?"

"मग पुरेसं तेल लागलंच नाही. सप्टेंबरअखेर कंपनीने विहीर बुजवून गाशा गुंडाळला."

"आणि तेल मिळालं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको उर्सुला हात पुसत उभी होती.

"तर पुढच्या वर्षीही गेलो असतो, बाळा. करारावर सही करून ठेवली होती. मम्मीला सांगितलं नव्हतं."

"कागद बॅगेतच होता तुझ्या," उर्सुला म्हणाली. "घरी आलास तेव्हाच वाचला मी."

"बोलली नाहीस कधी?"

"तू सांगशील म्हणून थांबले." ती येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "दहा वर्षं लावलीस, बाबा."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तशी त्याची मान खाली गेली.

मेरिलने पेन बंद केलं. "मम्मी, मी केवढी होते?"

उर्सुलाने टेबलावर दोन्ही हात थोड्या अंतरावर धरले. एवढीशी. फिलिप त्या हातांमधल्या जागेकडे बघत राहिला. त्याने लेक पाहिली होती ती थेट दोन महिन्यांची.

"आणखी सांग," तो म्हणाला. "अगदी पहिल्या दिवसापासून."